केईएम रुग्णालय, पुणे : बालआरोग्य संशोधनाची वाटचाल

पुण्याच्या रास्ता पेठेत, सरदार मुदलियार रस्त्यावरील किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय १९१२ साली सुरू झाले. सारे शहर त्याला 'केईएम' म्हणूनच ओळखते. मुंबईत परळला याच नावाचे महापालिकेचे मोठे रुग्णालय असल्याने बाहेरगावच्या माणसाची गल्लत होते. पुण्याचे केईएम धर्मादाय न्यासाचे आहे. संशोधन म्हटले की वैद्यकीय महाविद्यालये आणि सरकारी प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येतात. पुण्याच्या केईएमचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय नाही. तरीही गेल्या चार-पाच दशकांत लहान मुलांच्या आजारांविषयी आणि वाढीविषयी जगाच्या ज्ञानात भर घालणारे काम येथे झाले. एका जीवघेण्या बालरोगाचा माग येथे लागला, भारतीय नवजात बाळाच्या शरीराचे एक वेगळेपण येथे मोजले गेले आणि देशात तयार झालेल्या लसीची एक मोठी चाचणी येथील कार्यकर्त्यांनी पार पाडली. त्या कामाची ही हकीकत.

पायाभरणी : १९१२ ते १९७०

सुरुवात झाली ती प्रसूतिगृह म्हणून. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी येथे रुजू झाल्या तेव्हा रुग्णालय जेमतेम ४० खाटांचे होते. कोयाजी कुटुंबातील ज्येष्ठ डॉ. एदलजी कोयाजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षे बानूबाईंनी या रुग्णालयाला वाहिली. प्रसूतिगृहाचे सर्वसाधारण रुग्णालय झाले, इमारती वाढल्या, विभाग वाढले, खाटांची संख्या काही शेकड्यांवर गेली. बानूबाई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतिणीबरोबर तिचे बाळही आपल्याच जबाबदारीचे, ही जाणीव रुग्णालयात पहिल्यापासून होती आणि बालरोग विभाग वाढला तो त्याच जाणिवेतून.

या काळात संशोधनाचे नावही कोणी घेत नव्हते. पण एक गोष्ट नेमाने होत होती. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन करून सिस्टर ते नोंदवहीत लिहीत. रात्रपाळीला, गर्दीत, एकामागून एक प्रसूती होत असतानाही काट्यावरचा आकडा नीट वाचून लिहिण्याची शिस्त प्रसूतिगृहाने सोडली नाही. पुढे याच नोंदवह्यांवर काही महत्त्वाचे अभ्यास उभे राहिले. त्या आकड्यांना जगाच्या शास्त्रीय नियतकालिकांत स्थान मिळेल, हे लिहिणाऱ्या हातांना ठाऊक असणे शक्य नव्हते. केईएममधील बालसंशोधनाचे पहिले श्रेय मला तरी त्या परिचारिकांना द्यावेसे वाटते.

१९७० चे दशक : वढूची वाट

या दशकाच्या आरंभी दोन गोष्टी घडल्या. रुग्णालयाने संशोधन केंद्र स्थापन केले आणि शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू महाराष्ट्राला परिचित आहे. बालआरोग्याच्या अभ्यासकांना ते गाव आणखी एका कारणासाठी ठाऊक झाले, ते या कामामुळे. शहरातले रुग्णालय कितीही मोठे केले तरी गावातले मूल दारापर्यंत पोहोचायच्या आतच दगावते, हे बानूबाईंना रोजच्या अनुभवातून कळले होते. म्हणून गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्याच्या कामात उभे करण्याचा मार्ग त्यांनी धरला. सुरुवात कष्टाची होती. गर्भवतीची नोंद ठेवणे, बाळाचे वजन करणे, लस टोचून घ्यायला आईला राजी करणे, या प्रत्येक गोष्टीला घरातून प्रश्न येत. त्या प्रश्नांना गावच्याच कार्यकर्तीने गावच्याच भाषेत उत्तर दिले, म्हणून काम रुजले. बानूबाईंना १९८९ मध्ये पद्मभूषण आणि १९९३ मध्ये लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पुरस्कारांत या स्त्रियांचाही वाटा आहे.

बालरोग विभाग डॉ. आनंद पंडित यांच्या नेतृत्वाखाली याच सुमारास आकार घेत होता. डॉ. शीला भावे, डॉ. सुधा चौधरी, पुढच्या पिढीतील डॉ. आशिष बावडेकर आणि त्यांच्यासोबतच्या निवासी डॉक्टरांनी, सिस्टरांनी, सामाजिक कार्यकर्त्यांनी या विभागाला एक सवय लावली. मूल बरे होऊन घरी गेले म्हणजे केस पेपर बंद झाला, असे येथे मानले जात नसे. मूल घरी गेल्यावर काय झाले, हेही विचारायचे. या एका सवयीवर पुढचे बहुतेक सारे काम उभे आहे.

१९८० चे दशक : पितळी पातेल्याचा माग

या दशकातील काम विस्ताराने सांगायला हवे, कारण संस्थेच्या इतिहासात त्याच्या तोडीचे फार थोडे आहे.

एक ते तीन वर्षांचे मूल. आधी चिडचिड, भूक मंद, मग पोट मोठे दिसू लागते. डॉक्टरच्या बोटांना यकृत कडक लागते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कावीळ होते, पोटात पाणी साचते आणि मूल जाते. कित्येक घरांत एकापाठोपाठ दोन भावंडे याच आजाराने गेली. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या रोगाचे वर्णन केले, तेव्हापासून तो भारताचा म्हणूनच ओळखला गेला आणि त्याचे नावही इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस असेच पडले. शंभर वर्षे कारण सापडत नव्हते. संसर्ग, आहारातील उणीव, आनुवंशिकता, बाळाला दिलेल्या घुट्या, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. डॉक्टरांच्या हाती आईचे सांत्वन करण्यापलीकडे काही नव्हते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांबे फार मोठ्या प्रमाणात असल्याचे परदेशी आणि भारतीय अभ्यासकांना आढळले. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या ऊतीत तांबे साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांत ते कित्येक शेकड्यांवर, काही वेळा हजारांवर जात होते. हे तांबे येते कुठून, हा प्रश्न घेऊन इंग्लंडचे बालयकृततज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर आणि केईएमचे डॉ. पंडित व डॉ. भावे एकत्र आले. उत्तराची पहिली चाहूल लागली ती आयांशी बोलताना. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? गाईचे की म्हशीचे? कोणत्या भांड्यात तापवले? तापवून झाल्यावर कशात ठेवले? पाणी कशात भरता? असले घरगुती प्रश्न तोवर कोणी चिकाटीने विचारलेच नव्हते. आजारी मुलांच्या घरून पुन्हा पुन्हा एकच माहिती मिळू लागली : अंगावरचे दूध लवकर कमी झालेले, वरचे दूध लवकर सुरू झालेले आणि ते पितळी भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले.

हा अंदाज १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला गेला. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हे या मंडळींना पक्के माहीत होते. म्हणून प्रत्येक आजारी मुलाच्या जोडीला त्याच वयाचे निरोगी मूल घेऊन दोघांच्या आहाराचा इतिहास तपासला गेला. तो अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पितळी भांड्याचा संबंध अधिक ठळक झाला. त्यामागचे कारण प्रयोगशाळेत उलगडले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पितळी भांड्यात दूध तापवले, तापवून त्यातच ठेवले की धातूतील तांबे दुधात उतरते आणि दुधातील केसीन या प्रथिनाला घट्ट चिकटते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. काही आठवड्यांच्या बाळाच्या यकृताला ते पुरते साधत नाही. रोजच्या दुधाबरोबर थोडे थोडे तांबे साचत जाते आणि यकृत निकामी होते.

महाराष्ट्राच्या घराघरांत पितळेची केवढी प्रतिष्ठा! पुण्याची तांबट आळी, नाशिकचा भांडी बाजार, लग्नात मुलीला दिलेली भांडी, देवघरातील समई. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी तर राज्यभर नावाजलेली. आयांनी बाळाचे दूध चांगल्यात चांगल्या भांड्यात तापवले, यात त्यांचा काय दोष? तांबटांचाही नाही. भांड्याला आतून कथिलाची कल्हई असली की दुधाचा आणि पितळेचा संबंध येत नाही. धोका होता तो कल्हई नसलेल्या किंवा झिजलेल्या भांड्याचा आणि त्यातून वरचे दूध पिणाऱ्या अगदी कोवळ्या बाळाचा. विभागाने लोकांना हेच समजावले : बाळाला अंगावर पाजा, वरचे दूध द्यावेच लागले तर ते पितळी भांड्यात तापवू नका, ठेवू नका. घरात एक मूल या आजाराने गेले असेल तर पुढच्या बाळाच्या वेळी हा सल्ला प्राण वाचवणारा होता.

आजारी मुलांसाठी पेनिसिलामीन हे तांबे शरीराबाहेर काढणारे औषध वापरून पाहिले गेले. रोग पुष्कळ पुढे गेलेल्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही, पण कावीळ आणि जलोदर होण्याआधी आलेल्या मुलांपैकी अनेक वाचली. वाचलेल्या मुलांना विभागाने वर्षानुवर्षे तपासणीला बोलावले आणि त्यांच्या दीर्घकालीन प्रकृतीचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वी ज्या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूची खबर असे, त्या रोगातून उठलेली मुले मोठी झालेली या विभागाने पाहिली.

पितळेची जागा स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमने घेतली तसा हा आजारही दिसेनासा झाला. आज बालरोगशास्त्र शिकणाऱ्या तरुण डॉक्टरला तो पुस्तकातच भेटतो. सारे श्रेय संशोधनाला द्यावे असे नाही. बाजारानेही आपले काम केले. तांब्याबरोबर आनुवंशिक दुबळेपणाही कारणीभूत असावा, असे काही अभ्यासकांचे मत होते आणि तो वाद पूर्ण मिटला असेही नाही. परंतु १९९६ मध्ये ऑस्ट्रियातील तिरोल भागातून एक अभ्यास आला. तेथील खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच यकृतरोगाने दगावली होती आणि त्या घरांत गाईचे दूध तांब्याच्या भांड्यांत तयार केले जात होते. पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागात आयांना विचारलेल्या प्रश्नांना आल्प्सच्या खेड्यातून मिळालेला तो दुजोरा होता.

याच दशकात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचे काम वाढले. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे जगू लागली, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला : ही मुले पुढे शिकतील कशी, वाढतील कशी? ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात या विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची एक यादी तयार झाली. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती यादी पुढे अठरा वर्षे सांभाळली.

१९९० चे दशक : मुलांचा पाठपुरावा, गावांचा सहभाग

मुलांचा पाठपुरावा म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळते. कुटुंब भाड्याचे घर बदलते. वडिलांची बदली होते. मूल धडधाकट दिसत असले की रजा टाकून दवाखान्यात का यायचे, असे पालकांना वाटते. टीडीएच पुनर्वसन व मॉरिस बालविकास केंद्रातील कार्यकर्त्यांनी पत्रे लिहिली, घरे शोधली, पालकांना समजावले. मुलांच्या बुद्धीची, हालचालींची, शाळेतील प्रगतीची टप्प्याटप्प्याने तपासणी झाली. बाराव्या वर्षीच्या तपासणीत दिसले की कमी वजनाच्या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी असली तरी त्यांतील बहुसंख्य मुले नेहमीच्या शाळेत शिकत होती. गणितात आणि लेखनात त्यांना मदतीची गरज होती. काचेच्या पेटीतून बाहेर आलेल्या बाळाच्या आईला काय सांगावे, याचा आपल्या मातीतला आधार या अभ्यासाने दिला. तोवर आपण पाश्चात्त्य देशांतील आकडे उसने घेत होतो.

मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक दुसऱ्या बाजूने याच मुलांकडे वळले. भारतीयांना मधुमेह तरुण वयात आणि फारशी जाडी नसतानाही का होतो, हा त्यांचा प्रश्न होता. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी तेव्हा मांडले होते की प्रौढपणीच्या आजारांचे मूळ गर्भातील पोषणात असू शकते. ते तपासायचे तर जन्मवेळचे वजन ठाऊक असलेली मुले हवीत. ती केईएमकडे होती. प्रसूतिगृहाच्या नोंदवह्या येथे कामी आल्या. डॉ. बावडेकर, डॉ. याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी या रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी केली. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी वजनाने मोठी झालेली मुले सर्वाधिक जोखमीची ठरली. 'बाळ बारीक जन्मले, आता गुटगुटीत करा' या आपल्या घरोघरीच्या आग्रहाला या निष्कर्षाने विचार करायला लावले. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता पोषण अभ्यास सुरू झाला. गरोदर राहण्याच्या आधीपासून स्त्रियांची नोंद ठेवायची, ही त्यातील अवघड अट. कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख विचारीत. अशा खासगी गोष्टीची नोंद परक्या माणसाला कोण देईल? विश्वास कमावलेल्या बाईलाच ती मिळते. बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत पोहोचून वजन, लांबी, डोक्याचा घेर, कातडीखालच्या चरबीची जाडी मोजायची. बाळ रात्री जन्मो की भर पावसात, बाळंतपण दवाखान्यात होवो की माहेरच्या घरात, मोजणी व्हायचीच.

२००० चे दशक : बारीक तरी चरबीयुक्त

या गावांतील बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, साउदॅम्प्टनच्या बाळाचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे प्रत्येक मापात लहान होती, पण सगळीकडे सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव खूपच लहान. कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'बारीक तरी चरबीयुक्त भारतीय बाळ' ही ओळख जगभर झाली. मधुमेहाची भारतीय तऱ्हा जन्मापासूनच अंगात असू शकते, असा विचार त्यामुळे पुढे आला.

या मातांचे स्वतःचे सरासरी वजन गरोदरपणापूर्वी ४२ किलोच्या आसपास होते आणि शेतातील कष्ट चुकत नव्हते. त्यांच्या ताटाचा अभ्यास करताना डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांना दिसले की ज्या आयांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बाळे मोठी जन्मली. पालेभाजी आपल्या शिवारातलीच. पोषणावरचा इतका स्वस्त सल्ला दुसरा नसेल. सुमारे दोन तृतीयांश मातांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, फोलेटची मात्र क्वचितच. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा कळले की ज्यांच्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदरपणी फोलेटच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात आणि बी-१२ कडे सहसा लक्ष दिले जात नाही, म्हणून या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

वढू परिसरातील २२ गावांत २००२ पासून जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची सलग नोंद सुरू झाली. डॉ. संजय जुवेकर आणि त्यांच्या चमूने ती सांभाळली. पुढील लसचाचण्यांना तिचाच पाया मिळाला.

इतक्या वर्षांत निधीची ओढाताण झाली, कामाच्या पद्धतींवरून मतेही वेगळी पडली. प्रत्येक मोठ्या संस्थेत असे होतेच. काम थांबले नाही, एवढे नोंदवणे येथे पुरेसे आहे.

२०१० नंतर : लसी आणि पुढची पिढी

रोटाव्हायरसच्या जुलाबांनी देशात दरवर्षी असंख्य बालके दगावत. दिल्लीत नवजात बाळांत सापडलेल्या ११६ई या विषाणूपासून भारतात लस तयार झाली. तिची निर्णायक चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बालकांवर झाली. पुण्याचे केंद्र म्हणजे वढू. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून पहिल्या वर्षी ५६ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले आणि २०१६ पासून रोटाव्हायरस लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली. आज सरकारी केंद्रात बाळाच्या तोंडात पडणाऱ्या त्या थेंबांमागे वढूच्या आयांचे सहकार्य आहे.

दुसरी चाचणी गोवराच्या लसीची होती. सुई न टोचता तुषाररूपाने श्वासावाटे दिलेली लस तितकीच चांगली ठरते का, हे २,००४ बालकांत तपासले गेले. सुईच्या लसीने सुमारे ९५ टक्के मुलांत प्रतिकारशक्ती आली, तुषारांच्या लसीने सुमारे ८५ टक्के मुलांत. सुई सरस ठरली आणि २०१५ मध्ये तसेच प्रामाणिकपणे लिहिले गेले. संशोधनात हवे ते उत्तर मिळाले नाही तरी मिळाले ते उत्तर मांडावे लागते, आणि या चमूने ते मांडले. माझ्या मते या चाचणीचा मान रोटाव्हायरसच्या चाचणीपेक्षा कमी नाही.

सहा गावांच्या अभ्यासातील बाळे आता तरुण झाली आहेत. २०१२ पासून त्यांच्यातील मुला-मुलींना बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देऊन पुढच्या पिढीवर परिणाम पाहणारा प्रयोग सुरू झाला. मुलींइतकेच मुलांनाही त्यात घेतले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पोषणाचा भार आपण नेहमी आईच्याच पदरात टाकतो. ज्या मुलींनी बी-१२ घेतले त्यांच्या बाळांना विकासाच्या काही कसोट्यांत अधिक गुण मिळाल्याचेही आढळले आहे. ज्या आजीची पाळीची तारीख १९९३ नंतर नोंदवली गेली, तिची नातवंडे आज त्याच काट्यांवर मोजली जात आहेत. अशी तीन पिढ्यांची नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

बानूबाई २००४ मध्ये गेल्या. त्यांनी सुरू केलेले वढूचे रुग्णालय आणि रास्ता पेठेतील संशोधन केंद्र दोन्ही आज कार्यरत आहेत. वाचकांपैकी कोणी या अभ्यासांत बाळ म्हणून, आई म्हणून किंवा वडील म्हणून सहभागी झाले असतील, तर त्यांना एकच विनंती : लग्न, नोकरी, शिक्षण यांमुळे गाव सुटले असले तरी तपासणीचे बोलावणे आले की या. येणे जमत नसेल तर निदान नवा पत्ता कळवा.